पहाटे कोण कशासाठी पळतं?

महाराष्ट्रात पळणारी माणसं बघायची असतील तर लोक मुंबई मॅरेथॉनला जायला सांगतात. मी तालुक्याच्या गावाबाहेरच्या बायपासवर जायला सांगेन, पहाटे पाचला. अजून उजाडलेलं नसतं. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी, अशी विशीतली पोरं-पोरी धापा टाकत पळत असतात आणि रस्त्याच्या कडेला एक जण मोबाइलवर सेकंद मोजत ओरडत असतो. ही भरतीची पोरं. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि दोघांनाही १०० मीटर व गोळाफेक. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आले तर वीसपैकी वीस. एकूण निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेचा प्रश्नच उरत नाही. म्हणून या घरांमध्ये ‘ग्राउंड कधी निघतंय’ आणि ‘टायमिंग किती आलं’ हे आईलाही विचारता येतं.

एवढ्या नेमाने पळणारी माणसं दुसरीकडे क्वचितच सापडतील. थंडी असो, पाऊस असो, ती येतात. पण भरती झाली, प्रशिक्षण संपलं, ड्युटी लागली, की त्यातले किती जण आपण होऊन पळतात? ड्युटीचे तास बघता त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांचं वय उलटलं आणि नोकरी लागली नाही, त्यांचंही पळणं त्याच आठवड्यात थांबतं. पळण्याचं कारण इतकं जबरदस्त होतं की ते संपल्यावर मागे काहीच राहिलं नाही.

त्याच रस्त्यावर तासाभराने दुसरी माणसं येतात. डॉक्टरांनी शुगरचा आकडा दाखवून पाठवलेले काका. गप्पा मारत चालणाऱ्या, साडीवर बूट घातलेल्या चार-पाच जणी. मनगटावरच्या घड्याळाकडे सारखं बघणारा, सातारच्या हाफ मॅरेथॉनची तयारी करणारा एखादा बँक कर्मचारी. रस्ता एक, घाम एक, कारणं निराळी. आणि कोण महिनाभराने दिसेल, कोण दहा वर्षांनी दिसेल, हे बरंचसं त्या कारणावर ठरतं. माणूस व्यायाम का सुरू करतो आणि तो का करत राहतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण मात्र पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देत बसतो.

बक्षिसाची गोष्ट आधी बघू, कारण तिच्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं आहे. १९७१ साली एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सोमा नावाच्या ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. काहींना मधल्या सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे १ डॉलर मिळाला, काहींना काहीच नाही. खरा प्रयोग पुढे होता. काहीतरी निमित्त काढून डेसी खोलीबाहेर जायचा आणि आत विद्यार्थी मोकळी आठ मिनिटं काय करतात ते बघितलं जायचं. टेबलावर मासिकं ठेवलेली असत. पैसे बंद झाल्यावरच्या सत्रात, ज्यांना आधी पैसे मिळाले होते ते कोड्याला कमी हात लावू लागले. दोन वर्षांनी मार्क लेपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग केला. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ’ असं कबूल केलं. एक-दोन आठवड्यांनी तीच मुलं फावल्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक, न सांगता मिळालं होतं, त्यांच्यावर असा परिणाम झाला नाही. बिघाड बक्षिसात नव्हता, सौद्यात होता.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे यातून मोठा सिद्धांत उभा केला. माणसाला एखादी गोष्ट मनापासून करत राहायला तीन गोष्टी लागतात, असं ते सांगतात: आपण हे आपल्या मर्जीने करतो आहोत ही जाणीव, आपल्याला हे जमू लागलं आहे ही जाणीव, आणि आपली कुणाशी तरी नाळ जुळली आहे ही जाणीव. व्यायाम आणि खेळ यांच्या मानसशास्त्रात आज हाच सिद्धांत सगळ्यात जास्त वापरला जातो. ऐकायला तो फार गोड आहे, म्हणून मला सुरुवातीला त्याचा संशयच येई. पण जमिनीवरच्या उदाहरणांना तो बऱ्यापैकी पुरतो.

फक्त त्यातून ‘बक्षीस वाईट’ एवढाच धडा घेणं घाईचं होईल. चित्र काढणारी ती मुलं आधीपासून चित्रं काढत होती. जो माणूस कधी मैदानावर गेलाच नाही, त्याची कोणती आवड बक्षीस मारणार? गॅरी चार्नेस आणि युरी ग्नीझी या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना जिमला जाण्याचे रोख पैसे दिले. त्यांचा २००९ सालचा निबंध प्रसिद्ध आहे. एकदाच जाऊन येण्याचे पैसे ज्यांना मिळाले त्यांच्यात फरक पडला नाही. पण महिनाभरात आणखी आठ वेळा जाण्याचे पैसे ज्यांना मिळाले, ते पैसे बंद झाल्यावरही आधीपेक्षा जास्त वेळा जाऊ लागले. ही वाढ आधी न जाणाऱ्यांमध्येच होती. पैशाने त्यांना उंबरठ्याच्या आत आणलं, आणि आठ खेपांत अंगदुखी ओसरली असावी, यंत्रं ओळखीची झाली असावीत, लाज गेली असावी. हा शेवटचा तर्क माझा.

मग २०२१ मध्ये कॅटी मिल्कमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक अवाढव्य प्रयोग छापला. अमेरिकेतल्या एका जिम-साखळीचे ६१,२९३ सदस्य आणि त्यांना जिमकडे वळवण्याच्या चार-चार आठवड्यांच्या ५४ वेगवेगळ्या योजना. यातल्या ४५ टक्के योजनांनी आठवड्याच्या खेपा ९ ते २७ टक्क्यांनी वाढवल्या. चार आठवडे संपल्यावर मात्र जेमतेम ८ टक्के योजनांचा परिणाम मोजता येण्याइतका टिकला. सगळ्यांत पुढे कोणती योजना होती? एखादी खेप चुकल्यावर पुन्हा परत येणाऱ्याला अगदी किरकोळ, काही पैशांचं बक्षीस. हे कुणी आधी ओळखलं नव्हतं. तज्ज्ञांना विचारलेले अंदाज साफ चुकले. मला हा निकाल फार आवडतो. आपल्याकडे व्यायामाचा उपदेश नेहमी ‘एकही दिवस चुकवू नका’ असा असतो. दिवस चुकणारच, घरात लग्न निघतं, मूल तापाने फणफणतं. चुकलेला दिवस हा नेम मोडल्याचा पुरावा मानला की माणूस दुसऱ्या दिवशीही जात नाही. नेम टिकतो तो चुकल्यानंतरच्या सकाळी.

आता शुगरवाल्या काकांकडे येऊ. त्यांना पैसे नकोत, त्यांना भीती घातली आहे. भीतीने माणूस व्यायाम करतो का? ब्रिटनमध्ये २००२ साली झालेला एक प्रयोग इथे आठवतो. २४८ विद्यार्थी, तीन गट. एका गटाला काहीच खास सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यातल्या ३८ टक्क्यांनी किमान एकदा २० मिनिटांचा दमदार व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकार आणि व्यायाम यांवरची माहिती वाचायला दिली. त्यांचे इरादे पक्के झाले, व्यायाम करणारे मात्र ३५ टक्केच निघाले. तिसऱ्या गटाने तीच माहिती वाचली आणि शिवाय ‘अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी’ हे कागदावर लिहिलं. त्यातल्या ९१ टक्क्यांनी व्यायाम केला. हे आकडे त्या विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेले आहेत, आणि नंतरच्या अभ्यासांत इतका मोठा फरक सहसा दिसलेला नाही, हे सांगायला हवं. पण मधल्या गटाचा निकाल इतर अनेक अभ्यासांशी जुळतो. माहिती मिळाली म्हणजे पाय उचलले जातात असं नाही. दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता बघून कुणी चालायला लागलं, असं निदान माझ्या पाहण्यात नाही.

याला कारण आहे, आणि ते आळस या शब्दाने झाकलं जातं. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करतात. त्यांचं म्हणणं असं: माणूस लाखो वर्षं चालला, धावला, खणला, ओझी वाहिली, पण त्याने ‘व्यायाम’ कधीच केला नाही. टांझानियातली हादझा जमात आजही शिकार आणि कंदमुळांसाठी रोज मैलोन्‌मैल चालते, आणि काम नसेल तेव्हा निवांत बसून राहते. जिथे प्रत्येक घास कष्टाने मिळतो तिथे विनाकारण शक्ती खर्च करणं हा शहाणपणा नव्हता. आपल्या आजीला जर कुणी सांगितलं असतं की जात्यावर दळण, विहिरीचं पाणी आणि चार मैलांवरचा बाजार झाल्यावर आता अर्धा तास एकाच जागी चालायचं आहे, तर तिने त्या माणसाची दृष्ट काढली असती. शरीराला फुकटचे कष्ट टाळावेसे वाटतात आणि ते त्याच्या जागी बरोबर आहे. फायदा वीस वर्षांनंतरचा, त्रास आत्ताचा. या दोहोंची तुलना शरीर ज्या तराजूत करतं तो फार जुना आहे.

तरीही माणूस आपल्या उद्याबद्दल कमालीचा आशावादी असतो. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर यांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या सात हजारांहून अधिक सदस्यांची तीन वर्षांची नोंद तपासली. ७० डॉलरहून जास्त मासिक वर्गणी भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका खेपेचे १७ डॉलरपेक्षा जास्त पडत होते, आणि दहा खेपांचा पास घेतला असता तर एका खेपेला १० डॉलर लागले असते. शिवाय येणं बंद झाल्यावर वर्गणी रद्द करायलाही सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ गेला. ‘उद्यापासून जाऊच’ याचे एवढे पैसे. आपल्याकडे जानेवारीत वर्षाची फी एकदम भरून घेणाऱ्या जिमवाल्याला हा निबंध वाचावा लागत नाही.

मग टिकणारे का टिकतात? यातला सर्वांत दुर्लक्षित धागा असा: व्यायाम चालू असताना कसं वाटतं. नंतर नव्हे, चालू असताना. पँटेलीमॉन एक्केकाकिस या संशोधकाने वर्षानुवर्षं हेच मोजलं. श्वास इतका चढला की धड बोलता येत नाही, ही रेषा ओलांडली की जवळजवळ प्रत्येकाला वाईट वाटू लागतं. थांबल्यावर बरं वाटतं खरं, पण मनात ठसतो तो मधला भाग. त्याने लठ्ठ स्त्रियांना आधी ट्रेडमिलवर स्वतःच्या मनाने वेग ठरवू दिला. मग तोच वेग फक्त १० टक्क्यांनी वाढवला. तेवढ्यानेच त्यांची मजा उतरत गेली. सडपातळ स्त्रियांना त्या वाढीचं काही वाटलं नाही. म्हणजे ‘थोडं जोरात चाला हो, असं रमतगमत काय’ असं ज्या बाईला आपण म्हणतो, तिच्याकडून पुढच्या महिन्याचं चालणंच आपण काढून घेत असतो. दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात, बैठं काम करणाऱ्या ज्यांना पहिल्याच चालण्याच्या वेळी बरं वाटलं होतं, तेच सहा महिन्यांनी आणि वर्षानेही जास्त हालचाल करताना आढळले.

इथे आपल्या शाळांबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. गृहपाठ नाही केला? दहा उठाबशा. दंगा केला? ग्राउंडला पाच चकरा. सूर्यनमस्कारसुद्धा शिक्षा म्हणून घालायला लावणारे महाभाग असत. वर्षानुवर्षं आपण व्यायामाला शिक्षेच्या रांगेत बसवलं आणि चाळिशीत त्याच माणसाला सांगितलं की व्यायामावर प्रेम कर. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, पण ते स्वतः म्हातारपणापर्यंत रोज घालत आणि लोकांना ते दिसत असे. सक्ती तीही होती, पण त्या सक्तीत राजा रांगेत होता.

जमू लागण्याचा आनंद ही वेगळीच चीज आहे. घड्याळाकडे बघत पळणाऱ्या बँकवाल्याला तीच पकडून ठेवते. अर्थशास्त्रज्ञांनी मॅरेथॉन संपवणाऱ्यांच्या वेळेच्या जवळपास एक कोटी नोंदी गोळा करून आलेख काढला तेव्हा त्यात मजेदार उंचवटे दिसले. ३ तास, साडेतीन तास, ४ तास या आकड्यांच्या जरा अलीकडे माणसांची गर्दी आणि जरा पलीकडे खड्डा. ३ तास ५९ मिनिटांत आलेल्याला ४ तास १ मिनिटवाल्यापेक्षा काहीही जास्त मिळत नाही, मेडलही सारखंच. तरी शेवटच्या दोन किलोमीटरना, पायांत गोळे आलेले असताना, ही माणसं त्या गोल आकड्यासाठी वेग वाढवतात. स्वतःच ठरवलेलं, स्वतःच मोजलेलं आणि दुसऱ्या कुणालाही न दुखावणारं हे यश आहे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातून जाणारी हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. तिथे येणाऱ्या हजारो लोकांत जिंकण्याची शक्यता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना असते, आणि बाकीच्यांना हे पक्कं माहीत असतं. त्यांची स्पर्धा गेल्या वर्षीच्या स्वतःशी असते. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही जवळपास ९० किलोमीटरची शर्यत १९२१ पासून चालू आहे. तिकडे दर वर्षी जाणाऱ्या भारतीयांमध्ये मराठी नावं पुष्कळ असतात. नोकरीतून रजा, खिशातून लाखोंचा खर्च, आणि १२ तासांच्या आत पोचलं तर एक छोटंसं पदक.

जॉन निकोल्स या मानसशास्त्रज्ञाने हा भेद नीट मांडला होता: काहींना कालच्यापेक्षा आज बरं जमलं की यश वाटतं, काहींना शेजाऱ्यापेक्षा बरं जमलं की. दोन्ही चालतात, जोवर तुम्ही जिंकत असता. हरू लागल्यावर दुसऱ्या प्रकारचे लोक लवकर गळतात. कोल्हापूरच्या तालमीतला चांगला वस्ताद हे कुठल्याही पुस्तकाशिवाय ओळखतो. नव्या पोराला तो पहिल्या दिवशी तयार मल्लाच्या अंगावर सोडत नाही. आधी जोर-बैठका, माती उकरणं, मग जोडीचा भिडू, मग अर्ध्या तोलाने खेळणारा मोठा पहिलवान, जो मुद्दाम एखादा डाव लागू देतो.

आणि सोबत. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वजन मी यालाच देईन. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकाने सायकल शर्यतींच्या नोंदी चाळताना पाहिलं की एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवणाऱ्यापेक्षा सोबत कुणी असताना सायकलस्वार जास्त वेगाने जातात. मग त्याने मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ गुंडाळायला लावलं, एकट्याने आणि जोडीने. बरीच मुलं जोडीत भराभर गुंडाळू लागली. काही मात्र गडबडून हळू झाली. खेळाच्या मानसशास्त्राची सुरुवात अनेकदा इथून सांगतात. २०१० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये नौकानयनाच्या संघातल्या १२ तरुणांना वल्ह्याच्या यंत्रावर ४५ मिनिटं बसवलं, कधी एकट्याला, कधी गटाने एका लयीत. मेहनत तेवढीच. नंतर दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा आवळून वेदना कुठवर सोसते ते पाहिलं. व्यायामाने सहनशक्ती वाढली होतीच, पण गटाच्या लयीत वल्हवल्यावर ती एकट्यापेक्षा सुमारे दुप्पट वाढली. मेंदू अशा वेळी वेदनाशामक रसायनं सोडतो असा संशोधकांचा तर्क आहे. लेझीमच्या पथकातल्या कुणालाही हे सांगून बघा, तो म्हणेल, मग काय नवीन.

मुंबई-ठाण्यातली गोविंदा पथकं घ्या. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की लालबाग, गिरगाव, जोगेश्वरी, ठाणे इथल्या मैदानांत आणि चाळींच्या अंगणांत रात्रीचा सराव सुरू होतो. दिवसभर कुरिअर पोचवलेला, गोदामात पेट्या उचललेला मुलगा रात्री नऊला येतो आणि खांद्यावर तीन माणसांचं वजन घेऊन उभा राहतो. त्यातल्या कितीतरी जणांनी जिमचं तोंड पाहिलेलं नसतं. सरकारने २०२२ मध्ये दहीहंडीला खेळाचा दर्जा दिला आणि हंड्यांवर लाखांची बक्षिसं त्याच्या कितीतरी आधीपासून लागली आहेत. यात राजकारण्यांचे फलक आहेत, दरवर्षीचे अपघात आहेत, आणि मनोऱ्याच्या उंचीवरून कोर्टकज्जेही झाले आहेत. हे सगळं असून रोजच्या सरावाला कोण येतं याचं उत्तर पैशात सापडत नाही. बक्षिसाची रक्कम दीड-दोनशे जणांत, टी-शर्टात, ट्रकच्या भाड्यात आणि जेवणात विरघळते. उत्तर पायाच्या थरात सापडतं. खालच्या थरातला एक जण आला नाही तर वरचे चढूच शकत नाहीत. त्याचा फोन वाजतो, नाही उचलला तर कुणी तरी घरी जातं. जिममध्ये तुम्ही गेला नाहीत तर जिमचा फायदाच होतो. पथकात तुम्ही गेला नाहीत तर थर लागत नाही. एवढा एकच फरक, पण त्याने श्रावण पार पडतो.

मुलांचं काय, हे विचारायला हवं, कारण जन्मतः सगळीच पळतात. अमेरिकेत अमांडा व्हिसेक यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना विचारलं की खेळात मजा कशाने येते. मुलं, पालक आणि प्रशिक्षक यांच्या उत्तरांतून ८१ गोष्टींची यादी निघाली. जीव तोडून खेळणं, प्रशिक्षकाने नीट वागवणं, सवंगड्यांशी जमणं ही वरच्या भागात. जिंकणं बरंच खाली. आपल्याकडे खेळाडू मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. गावाकडच्या कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलीला या प्रमाणपत्राने घराबाहेर पडायला परवानगी मिळते, हे मी कमी लेखणार नाही. ‘खेळून काय मिळणार’ या बापाच्या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर असतं. पण ज्या मुलाला प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता नाही, त्याला नववीनंतर संघात कोण ठेवतं? खेळणं हे जिंकणाऱ्यांचं काम ठरलं की उरलेले सगळे पंधराव्या वर्षीच प्रेक्षक होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरेशी म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं, तीही भरभर चालण्याइतकीच. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, स्त्रियांमध्ये ५७. हा आकडा समोर आला की ‘बायकांना व्यायामाची प्रेरणा कमी पडते’ असं बोललं जातं. मला ते पटत नाही. श्रावणातल्या मंगळागौरीला ज्यांनी रात्र जागवली आहे त्यांना विचारा. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, सूप नाचवणं, लाट्या. पोटऱ्या, कंबर आणि दम यांची अशी परीक्षा घेणारे खेळ, तेही तासन्‌तास, आणि त्यात साठीच्या बायकाही. यात त्या तीनही गोष्टी भरभरून आहेत: मर्जी, कसब, सोबत. आता पुण्या-मुंबईत, डोंबिवलीत मंगळागौरीचे खेळ करणारे बायकांचे संच आहेत, ते महिनोन्‌महिने तालमी करतात. हौस कुठे कमी आहे? इंग्लंडमध्ये याच प्रश्नाचा शोध घेतला तेव्हा असं दिसलं की अनेक बायकांना व्यायाम नकोसा नसतो. घाम आलेलं, धापा टाकणारं आपलं शरीर लोक बघतील आणि नावं ठेवतील, याची धास्ती असते. २०१५ मध्ये तिथल्या क्रीडा संस्थेने काढलेल्या मोहिमेत म्हणून सुंदर मॉडेल नव्हत्या. थुलथुलीत, लाल झालेल्या, हसणाऱ्या साध्या बायका होत्या.

आपल्याकडे नजरेच्या जोडीला वेळ आहे. पहाटे पाच ते नऊ ही व्यायामाची वेळ, असं जे सगळे सांगतात ते डबे करत नसतात. संध्याकाळी सहा ते आठ, तेव्हा कुकर लावायचा असतो. घर सांभाळणाऱ्या बाईला खरी उसंत मिळते ती साधारण अकरा ते तीन. आणि आपल्या कितीतरी शहरांत सार्वजनिक बागांचं फाटक सकाळी दहा-अकराला बंद होतं, ते चारनंतर उघडतं. शाळांची मैदानं शाळा सुटल्यावर कुलूपबंद. चालायला उरतो रस्ता, ज्यावर फूटपाथ आहे तिथे गाड्या लावलेल्या. प्रेरणेवरच्या कार्यशाळा घेण्याआधी महापालिकेला दोन गोष्टी लगेच करता येतील, आणि त्यांना मानसशास्त्रज्ञ लागत नाही: बागेच्या फाटकावरची वेळ बदलायची, आणि दुपारी तिथे एक महिला सुरक्षारक्षक व एक उघडं स्वच्छतागृह ठेवायचं.